बस, ट्रेन आणि दोन पाय: स्ट्रीट फोटोग्राफीच्या जागा शोधायच्या कशा

स्ट्रीट फोटोग्राफीला नुकती सुरुवात केलेला माणूस पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतो आणि दुसरा जागेचा. ‘कुठे जाऊ?’ शोधलं की त्याच त्या ठिकाणांच्या याद्या हाती लागतात आणि तिथे पोचावं तर आधीच पाच-सहा जण कॅमेरे सरसावून उभे असतात. त्यात गाडी नसेल तर आणखी एक रुखरुख: आपल्याला लांब जाताच येत नाही.

ही रुखरुख सोडून द्या. या कामात गाडीची मदत कमी आणि अडचण जास्त. चालवणाऱ्याचं लक्ष पुढच्या वाहनावर, तो काचेआड, आणि काही दिसलंच तर थांबायची सोय नाही. पार्किंग शोधून परत येईपर्यंत तो प्रसंग संपलेला असतो. बस मात्र थांबते, आणि बहुतेक वेळा जिथे माणसं जमतात तिथेच थांबते. म्हणून शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचा नकाशा हाच तुमच्या जागांचा पहिला नकाशा.

शोधायचं काय?

चांगली जागा म्हणजे सुंदर इमारत नव्हे. सुंदर इमारतीच्या फोटोचं निम्मं श्रेय ती बांधणाऱ्याचं असतं. रस्त्यावरच्या फोटोला लागते माणसांची येजा, त्या माणसांना थांबायला किंवा निदान सावकाश व्हायला लावणारं काहीतरी, बरा उजेड आणि मागे फार पसारा नसलेली पार्श्वभूमी. शिवाय तुम्हाला कुणाच्या वाटेत न येता उभं राहता आलं पाहिजे. हे सगळं एका ठिकाणी क्वचितच जुळतं. माझं मत विचाराल तर उजेड आणि येजा असली की कामाला लागावं. पार्श्वभूमी दोन पावलं सरकून किंवा खाली बसून बदलता येते, उजेड बदलता येत नाही.

‘थांबायला लावणारं काहीतरी’ हा मुद्दा नवखे लोक हमखास विसरतात. फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने १८३८ साली पॅरिसमधल्या बूलव्हार द्यु तांप्ल या वर्दळीच्या रस्त्याचा फोटो उंचावरच्या खिडकीतून घेतला. तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. त्यामुळे चालती माणसं आणि धावत्या घोडागाड्या उमटल्याच नाहीत आणि भरलेला रस्ता ओस दिसतो. उमटला तो कोपऱ्यावर पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तेवढा वेळ तो एका जागी उभा होता. आता शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात मिटतं, तरी मुद्दा तोच आहे. चालत सुटलेल्या गर्दीतले चेहरे बरेचसे एकसारखे असतात. थांबलेला माणूस काहीतरी करत असतो: वाट बघतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो, कुणाशी तरी हुज्जत घालतो.

तेव्हा नजर ठेवायची ती सिग्नलवर, बसथांब्यावर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, तिकीट खिडकीसमोर, पुलाच्या कठड्यापाशी आणि पाऊस आला की लोक जिथे आडोशाला धावतात तिथे.

पहिली पायरी: घरी बसून नकाशा

बस, मेट्रो, रेल्वे, जे काही तुमच्या शहरात असेल त्याचा नकाशा उघडा आणि जिथे दोन मार्ग एकमेकांना भेटतात त्या जागांवर खूण करा. लोक एका वाहनातून उतरून दुसरं पकडायला निघतात तेव्हा त्या दोन दारांच्या मधला रस्ता दिवसभर जिवंत असतो. अनेकदा तो शंभर-दोनशे मीटरचाच असतो. त्यात एखादा जिना, भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल असेल तर उत्तमच, कारण तिथे माणसं एका ठराविक रेषेत चालतात आणि तुम्हाला अंदाज बांधता येतो.

मग स्थानकाची मागची बाजू बघा. पुढच्या बाजूला फलक, रिक्षा-टॅक्सी, कुंपणं यांची दाटी असते. मागे मोकळी भिंत, रुळांवरून जाणारा पूल, अर्धवट पडीक जागा, असलं काही सापडतं. फ्रेंच फोटोग्राफर ऑंरी कार्तिए-ब्रेसाँचा डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ सालचा प्रसिद्ध फोटो पॅरिसच्या सॅं-लाझार स्थानकाच्या मागे, फळ्यांच्या कुंपणातल्या फटीतून घेतलेला आहे. फट इतकी अरुंद होती की लेन्स पुरती मावेना, म्हणून त्या फोटोची डावी कड कापावी लागली. ठरलेल्या देखाव्याच्या जागी उभा राहिला असता तर हा फोटो त्याला मिळाला नसता.

शेवटच्या थांब्यांवरही खूण करा. तिथे गर्दी कमी, पण बस बराच वेळ उभ्या, चालक-वाहक विसाव्याला बसलेले, आणि तिथून निघायची कुणाला फारशी घाई नसते. बुजऱ्या फोटोग्राफरने सुरुवात इथून करावी असं मला वाटतं.

पायी हिंडणाऱ्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा मोफत नकाशा विशेष कामाचा. २००४ सालापासून स्वयंसेवक तो भरत आले आहेत आणि त्यात गाडीवाल्याच्या दृष्टीने बिनकामाच्या गोष्टी, म्हणजे जिने, बोळ, पायवाटा, भुयारी मार्ग, बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र दाखवलेले असतात. गुगल मॅप्सवरची उपग्रहाची चित्रं इमारतींच्या उंचीचा आणि सावल्यांचा अंदाज देतात. रस्त्यावरून घेतलेली चित्रं उपलब्ध असतील तर कोपऱ्यावरची भिंत कशी आहे तेही कळतं. फक्त त्या चित्राचा महिना-वर्ष बघून घ्या, जुनं असेल तर त्या भिंतीवर आता भलताच रंग असू शकतो.

आता या सगळ्या खुणांतून एकच मार्ग निवडा. एकच बस किंवा एकच लोहमार्ग. सगळं शहर एका महिन्यात उरकायला निघालात तर हाती फक्त थकवा लागेल. अमेरिकन फोटोग्राफर सॉल लाइटर न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये अनेक दशकं राहिला आणि त्याचं रस्त्यावरचं बरंचसं काम घराभोवतीच्या मोजक्या रस्त्यांवरच झालं. दिसायला तेच रस्ते, पण पाऊस, बर्फ, वाफ धरलेल्या काचा आणि छत्र्या यांनी त्याला आयुष्यभर पुरेल एवढा माल दिला.

दुसरी पायरी: खिडकीजवळची फेरी

निवडलेल्या मार्गाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. ही टेहळणीची फेरी आहे, फोटो नाही निघाले तरी चालतील. वेळ सकाळी ऊन चढण्याआधीची किंवा दुपार कलल्यावरची घ्या आणि सूर्य ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीशी बसा. म्हणजे तुमच्या समोर उन्हाने उजळलेल्या भिंती येतात आणि कुठे काय चमकतं ते स्वच्छ दिसतं. सूर्याच्या बाजूला बसलात तर डोळे दिपतात आणि समोरच्या इमारतींचा सावलीतला चेहराच दिसत राहतो. परतीला बाजू बदला. डबल-डेकर असेल तर वर, सगळ्यात पुढे.

काही दिसलं की लगेच मोबाइलच्या नकाशावर खूण टाका आणि चार शब्द लिहा. ‘निळी भिंत, जिना, ऊन उजवीकडून’ एवढं पुरे. ‘छान जागा’ असं लिहून ठेवलेल्या नोंदीचा आठवड्याने काहीही उपयोग होत नाही.

खिडकीतून फोटो काढायचा मोह झालाच तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती हाताचा किंवा गडद कापडाचा आडोसा करा, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब कमी होतं. लेन्स काचेवर दाबू मात्र नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. चालत्या बसमधून १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर हवं. सिग्नलला बस उभी असताना १/१२५ सुद्धा चालतं, आणि खरं तर बसमधले चांगले फोटो बस उभी असतानाच मिळतात.

तिसरी पायरी: एक थांबा आधी उतरा

टेहळणीत जी जागा आवडली तिच्या एक थांबा आधी उतरायचं आणि चालत तिथवर जायचं. वाहतूक-नियोजनात पाच मिनिटांच्या चालीसाठी साधारण ४०० मीटर धरतात. दोन थांब्यांमधलं अंतर बहुधा याच आसपास असतं, म्हणजे एवढं चालणं कुणालाही झेपेल. पण ते पाच मिनिटांत संपवू नका, अर्धा तास लावा.

एका पदपथाने जा, दुसऱ्याने परत या. दर थोड्या अंतरावर मागे वळून बघा. एकच रस्ता दोन दिशांनी पाहिला की दोन वेगळे रस्ते दिसतात, कारण एकीकडे ऊन तुमच्या पाठीशी असतं आणि दुसरीकडे तोंडावर. नवख्यांना ऊन पाठीशी घेऊन फोटो काढायची सवय असते, कुणीतरी लहानपणी सांगितलेलं असतं तसं. रस्त्यावर उलट करून बघा. समोरून येणाऱ्या उन्हात माणसांच्या कडा उजळतात, लांब सावल्या तुमच्याकडे धावत येतात आणि मागचा पसारा काळोखात बुडतो.

कोपऱ्यावर आलात आणि कुठे वळायचं ते सुचेना, तर जिकडे उजेड जास्त बोलका वाटेल तिकडे वळा. हरवण्याची भीती नको, गाडी कुठे लावली होती ते आठवायचं नाहीये. जवळच्या कुठल्याही थांब्यावरून परतता येतं.

चौथी पायरी: उन्हाचं वेळापत्रक

इथे जरा जास्त वेळ देतो, कारण जागा शोधण्याचं निम्मं काम खरं तर वेळ शोधण्याचं आहे.

रस्त्याची दिशा आधी बघा. पूर्व-पश्चिम रस्त्यावर सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन रस्त्याच्या लांबीने येतं, सावल्या रस्ताभर पसरतात. विषुवदिनांच्या सुमारास, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास, सूर्य अगदी पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, त्यामुळे काटेकोर पूर्व-पश्चिम रस्त्यांवर तो ऐन रस्त्याच्या टोकाशी येतो. रस्ता थोडा तिरका असेल तर त्याची तारीख वेगळी, ती सूर्याची दिशा दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपवर मिनिटात काढता येते. उत्तर-दक्षिण रस्त्याचं गणित निराळं. तिथे सकाळी पश्चिमेकडच्या पदपथावर ऊन, दुपारनंतर पूर्वेकडच्या, आणि मध्यान्हीच्या आसपास थोडा वेळ ऊन रस्त्याच्या तळाला टेकतं. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात पूर्व-पश्चिम रस्त्याच्या उत्तरेकडच्या पदपथाला दिवसाचं सगळ्यात जास्त ऊन मिळतं. दक्षिण गोलार्धात याच्या नेमकं उलट.

इमारतींची उंचीही हिशेबात धरा. सूर्य ४५ अंशांवर असतो तेव्हा सावली वस्तूच्या उंचीएवढीच पडते. तो २७ अंशांच्या आसपास उतरला की सावली दुप्पट होते. म्हणजे पंधरा मीटर उंच इमारतींच्या मधल्या पंधरा मीटर रुंद रस्त्यावर, ऊन आडवं येत असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली जाताच पदपथावरचं ऊन संपतं आणि भिंतीवर चढू लागतं. अरुंद बोळात ‘सोनेरी वेळ’ (सूर्यास्ताआधीचा मऊ उजेड) म्हणून संध्याकाळी जाणाऱ्याला सावलीच सावली मिळते ती यामुळेच. बोळांची वेळ बहुतेकदा दुपारची, जेव्हा सगळे फोटोग्राफर ऊन कडक आहे म्हणून घरी बसतात.

दोन इमारतींच्या फटीतून पदपथावर पडणारा उन्हाचा पट्टा हा तर खजिनाच. माणूस त्या पट्ट्यात शिरतो, क्षणभर उजळतो, आणि बाहेर पडतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे असा पट्टा वीस-पंचवीस मिनिटांत जागा बदलतो किंवा मिटून जातो. सापडला की वेळ लिहून ठेवा. उद्या तो जवळपास त्याच वेळी तिथेच असेल. पंधरा दिवसांनी मात्र खात्री नाही: विषुवदिनांच्या सुमारास सूर्योदयाची जागा एवढ्या दिवसांत क्षितिजावर सहा-सात अंश सरकलेली असते. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस ती जवळजवळ थबकलेली असते, तेव्हा पट्टाही बरेच दिवस टिकतो.

अशा जागी कॅमेरा फसतो. आजूबाजूचा काळोख बघून तो सगळंच उजळ करायला जातो आणि उन्हातला चेहरा पांढराफटक होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, एक ते दोन स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर उजळ भागाला बोट लावून उजेड खाली ओढा. सावल्या काळ्या झाल्या तर होऊ द्या.

काचेच्या इमारती दिसल्या की त्यांच्या समोरची सावलीतली बाजूही बघून या. काचेवरून उडालेले कवडसे तिथे भलत्याच जागी पडलेले असतात, आणि नकाशावर ते कुठेच सापडत नाहीत.

ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. त्या दिवशी रंग आणि चेहरे यांच्या मागे लागायचं. पावसात छताच्या कडेला उभं राहायचं, ओला रस्ता दिव्यांचे रंग दुप्पट करतो. रात्री उजळलेल्या काचांसमोर थांबायचं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० आणि लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर दुकानाच्या उजेडात चालणारा माणूस १/१२५ वर आरामात टिपता येतो.

पाचवी पायरी: वीस मिनिटं एका जागी

नकाशावर, बसमधून आणि चालताना पसंत पडलेली जागा खरी उतरते का, हे तिथे उभं राहूनच कळतं. वीस मिनिटं थांबा. पहिली पाच मिनिटं कॅमेरा खालीच. माणसं कुठून येतात, कुठे वळतात, कुठे क्षणभर घुटमळतात ते बघा. बस आली की एकदम लोंढा येतो आणि मग ओसरतो, ती लय पकडा. लोंढ्यापेक्षा त्याच्या शेपटाकडची दोन-चार माणसं अधिक कामाची असतात, कारण त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते.

पार्श्वभूमी आधी चौकटीत बसवून घ्या आणि मग माणसाची वाट बघा. पदपथावरच्या फरश्यांचा एखादा जोड खूण म्हणून ठरवून तिथे आधीच फोकस लावता येतो. पूर्ण फ्रेमच्या (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर रुंद दृश्य घेणारी २८ मिमी लेन्स, छिद्र एफ/८ आणि फोकस अडीच मीटरवर ठेवलात तर साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकसची वाट बघायचं कारणच राहत नाही. चालत्या माणसासाठी १/२५०, घाईत असेल तर १/५००.

वीस मिनिटांत एकदाही ‘अरे!’ असं झालं नाही, तर ती वेळ चुकीची असेल किंवा जागाच निकामी. दुसऱ्या वेळी एकदा येऊन बघा. तेव्हाही तसंच वाटलं तर खुशाल खोडून टाका, भले ती यादीतली कितीही नावाजलेली जागा असो.

पाठीवर काय?

थोडंच. एक कॅमेरा, एक लेन्स, २८ किंवा ३५ मिमी. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या आसपासच असतो, त्यामुळे फक्त मोबाइल असेल तरी काही अडत नाही. जास्तीची बॅटरी किंवा पॉवर बँक हवीच, कारण नकाशा आणि कॅमेरा दोन्ही एकाच फोनवर असले की तो दुपारीच मान टाकतो. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. ट्रायपॉड नको. बूट जुने, पायाला बसलेले.

लोक आणि नियम

सार्वजनिक जागेत अनोळखी माणसाचा फोटो काढणं आणि तो प्रसिद्ध करणं याबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते आपल्या जागेपुरते वाचून घ्या. मॉल, कार्यालयांची आवारं, काही बाजार रस्त्यासारखे दिसतात पण खासगी असतात, तिथे मालकाचा नियम चालतो. स्थानकांचे आणि मेट्रोचे फोटोबाबतचे नियम बहुधा त्यांच्या संकेतस्थळावर असतात. परवानगी असली तरी फलाटाच्या कडेला पाठ करून उभं राहू नका आणि फ्लॅश वापरू नका.

अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले, आणि ते पुस्तकरूपात १९६६ साली, म्हणजे पाव शतकाने आले. फोटो अप्रतिम आहेत, पण नवख्याने तो मार्ग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लपवलेला कॅमेरा सापडला की तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. कॅमेरा गळ्यात, सगळ्यांना दिसेल असा असू द्या. कुणी बघितलं तर हसा, विचारलं तर खरं सांगा, फोटो दाखवा. कुणी पुसायला सांगितला तर पुसून टाका, त्या एका फोटोपेक्षा त्या कोपऱ्यावर पुन्हा उभं राहता येणं मोलाचं. लहान मुलं, आजारी किंवा हलाखीत सापडलेली माणसं यांच्यावर कॅमेरा रोखू नका.

आणि निघण्याआधी शेवटची बस किंवा ट्रेन किती वाजता आहे ते बघून ठेवा. रात्री दोन्ही कानांत इअरफोन घालून हिंडू नका.

शेवटी: जागांची वही

प्रत्येक जागेची नोंद अशी करा की दुसरा कुणीही तिथे जाऊन उभा राहू शकेल. उदाहरणार्थ: ‘पादचारी पुलाचा पूर्वेकडचा जिना, खालून वर बघत. ऑक्टोबर, ४:४० ते ५:१०. ऊन डावीकडून, दर बसमागे लोंढा. मागचा जाहिरातीचा फलक टाळण्यासाठी कठड्याला चिकटून.’ काय कमी आहे तेही लिहा, कारण पुढच्या खेपेला नेमकं तेच शोधायचं असतं.

अशा पाच-सहा नोंदी एकाच मार्गावर जमल्या की त्या वेळेनुसार ओवा. सकाळी पूर्व-पश्चिम रस्ता, दुपारी बोळ आणि भुयारी मार्ग, ऊन कलल्यावर पूल, अंधारल्यावर उजळलेल्या काचा. अनेक शहरांत दिवसभराचा पास मिळतो, तो अशा दिवशी पुरता वसूल होतो, कारण दर दोन तासांनी चढ-उतार करावीच लागते. एखाद्या थांब्यावर खोदकाम सुरू झालं किंवा थांबाच हलवला तर नोंद पुसू नका, तारीख घालून ठेवा. कुंपणामुळे माणसांची वाट बदलते, आणि ती नवी वाट कुठून जाते हे बघायला त्याच आठवड्यात एकदा जाऊन या.